स्पोर्ट्स कारमधील स्थैर्य नियंत्रण : बटणाला हात कधी लावावा?

नेकारकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी गेली काही वर्षे श्टुटगार्टजवळ राहतो आणि २००९ सालची पोर्शे केमन एस चालवतो. इंजिन आसनांच्या मागे, ताकद ३२० अश्वशक्ती, ती सगळी मागच्या दोन चाकांवर, आणि डॅशबोर्डवर ‘पीएसएम ऑफ’ लिहिलेले एक छोटेसे बटण. पीएसएम म्हणजे पोर्शेचे स्थैर्य नियंत्रण, गाडी घसरू लागली की तिला आपोआप सावरणारी यंत्रणा; ते बटण ती बंद करते. या मंचावर स्पोर्ट्स कारविषयी बोलणे निघाले की ते बटण दाबणे म्हणजे चालक म्हणून वयात येणे, अशा सुराचे प्रतिसाद वारंवार वाचायला मिळतात. त्या सुराला मीही एकदा भुललो होतो. त्याबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

गाडी घेतली त्या वर्षीचा नोव्हेंबर महिना होता. बाहेर ४ अंश तापमान, रस्त्यावर ओली पाने, आणि माझ्या गाडीला अजून उन्हाळी टायर. महामार्गावरून उतरणाऱ्या गोलाकार रस्त्यावर मी यंत्रणा बंद करून वळण घेतले आणि वळण संपत आले असे वाटून अ‍ॅक्सिलरेटर जरा लवकर दाबला. मागचा भाग इतक्या शांतपणे बाहेर गेला की मला ते कळले तेव्हा गाडी जवळजवळ आडवी झालेली होती. मी स्टिअरिंग उलटे वळवले, पण उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त. त्यामुळे गाडी दुसऱ्या बाजूला फेकली गेली आणि पूर्ण गिरकी घेऊन कडेच्या गवतात, आलेल्या दिशेला तोंड करून थांबली. मागून कोणी येत नव्हते म्हणून मी आज हे लिहू शकतो आहे. चूक संपूर्णपणे माझी होती. इंजिन मध्यभागी असलेल्या गाडीचे वजन मधोमध एकवटलेले असते, म्हणून ती वळायला चपळ असते, आणि त्याच कारणाने ती फिरू लागली की थांबवायला वेळ फार थोडा मिळतो.

त्यानंतर मी सुरक्षित वाहनचालनाच्या प्रशिक्षणाला गेलो. तिथे जमिनीत बसवलेली एक हलती पट्टी असते. गाडीची मागची चाके तिच्यावरून जात असताना ती झटक्यात आडवी सरकते, आणि पुढे सतत पाणी सोडलेला गुळगुळीत पृष्ठभाग असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने, यंत्रणा चालू ठेवून, मी स्टिअरिंग थोडेसे सावरले आणि गाडी सरळ झाली. यंत्रणा बंद करून त्याच वेगाने तोच प्रयोग केला, तेव्हा धक्का बसणार हे ठाऊक असूनही मला एकदाही गाडी सावरता आली नाही. रस्त्यावर धक्का कधी बसणार हे आपल्याला कोणी सांगत नाही.

प्रशिक्षकांनी मला एक गोष्ट शिकवली, ती या धाग्याचे मुख्य कारण आहे. यंत्रणा काम करते तेव्हा समोर एक पिवळा दिवा लुकलुकतो. ते म्हणाले की तो दिवा कधी, कुठे आणि का लागला हे प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात मी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग शर्यतमार्गाच्या नॉर्डश्लाइफ या लांबलचक भागावर, सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या वेळेत, यंत्रणा चालू ठेवून गेलो. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक संथ वळणाच्या शेवटी दिवा लागत होता. वही पाहिल्यावर कारण एकच निघाले : स्टिअरिंग सरळ व्हायच्या आत माझा उजवा पाय खाली जात होता. तिसऱ्या भेटीत दिवा चारच ठिकाणी लागला, त्यांपैकी दोन आडेनाउअर फॉर्स्ट आणि ब्र्युन्शेन या ठिकाणी. फेरीला लागणारा वेळही, मी तो कमी करण्याचा प्रयत्न करत नसताना, आपोआप कमी झाला होता.

माझे म्हणणे असे आहे की तो दिवा लागणे जोवर तुमच्या हातापायांनी थांबत नाही, तोवर बटण दाबण्याचा प्रश्नच येत नाही. इतरांचा अनुभव काय आहे?

देशघाट

धागा वाचून बरे वाटले, कारण मी नेमक्या याच पेचात आहे. मी मुंबईत असतो. गेल्या महिन्यात पाच लिटर व्ही-८ इंजिनाची फोर्ड मस्टँग जुनी घेतली. गाडी आठ-नऊ वर्षांची असली तरी जेमतेम १४,००० किलोमीटर चाललेली आहे. मित्रांच्या गटात सगळे सांगतात की लोणावळ्याच्या बाजूला पहाटे जावे, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावे आणि गाडीचा खरा स्वभाव पाहावा. पावसाळा तोंडावर आहे. ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्थैर्य नियंत्रण या एकच गोष्टी आहेत की वेगळ्या, हेदेखील मला नीट उमगलेले नाही. कृपया कोणीतरी मुळापासून समजावून सांगावे.

मोजपट्टी

देशघाट, मी वाहनांच्या चाचणी विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून मुळापासून सांगण्याचा प्रयत्न करतो.

पायथ्याशी एबीएस आहे : ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ नये म्हणून. त्यावर ट्रॅक्शन कंट्रोल : अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर चाक जागच्या जागी फिरू नये म्हणून. या दोन्हींना केवळ चाकांचा वेग मोजून बरेचसे काम भागवता येते. स्थैर्य नियंत्रण त्यापुढे जाते. त्याच्याकडे स्टिअरिंग किती वळवले आहे हे सांगणारा संवेदक असतो, गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती वेगाने फिरते आहे हे सांगणारा दुसरा असतो, आणि आडवा जोर मोजणारा तिसरा. चालकाला कुठे जायचे आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे निघाली आहे, यांची तुलना बॉश कंपनीची प्रणाली सेकंदाला २५ वेळा करते. दोहोंत तफावत आढळली की इंजिनाची ताकद कमी होते आणि एकाच चाकाला ब्रेक लागतो. मागचा भाग बाहेर चालला असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक धरले जाते. पुढचा भाग न वळता सरळ चालला असेल तर आतल्या बाजूचे मागचे. एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावण्याचे हे काम जगातल्या कुशलातल्या कुशल चालकाला जमणार नाही, कारण त्याच्या पायाखाली ब्रेकचे पेडल एकच असते.

ही प्रणाली १९९५ साली मर्सिडीज-बेंझच्या एस ६०० कूपेत प्रथम आली. महागड्या गाडीतली चैन म्हणून ती तशीच राहिली असती, पण ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत, रस्त्यात अचानक आलेले मोठे जनावर चुकवावे तसे स्टिअरिंग फिरवले असता, मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. कंपनीने विक्री काही काळ थांबवली आणि त्या गाडीत ही प्रणाली सरसकट बसवली. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र मला आउडी टीटीचे उदाहरण जास्त बोलके वाटते. १९९८ साली आलेल्या त्या देखण्या गाडीला जर्मनीच्या वेगवान महामार्गांवर गंभीर अपघात झाले. भरवेगात मार्गिका बदलताना किंवा वळणात पाय एकदम उचलल्यावर तिचा मागचा भाग हलका पडत असे. अखेर कंपनीने गाड्या परत बोलावून मागे वायुपट्टी (स्पॉइलर) बसवली, सस्पेन्शनची जुळणी बदलली आणि स्थैर्य नियंत्रण दिले. यातला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी गाडीची मूळ वागणूक सुधारली, आणि तिच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक्स आले.

अमेरिकेच्या नियमातली चाचणीही सांगतो, म्हणजे यंत्रणेकडून काय अपेक्षित आहे ते कळेल. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचे स्टिअरिंग यंत्रमानव एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवतो, तिथे अर्धा सेकंद धरून ठेवतो आणि सरळ करतो. स्टिअरिंग सरळ झाल्यावर १ सेकंदाने गाडीचे गिरकी घेणे कमाल मापाच्या ३५ टक्क्यांच्या आत आणि १.७५ सेकंदाने २० टक्क्यांच्या आत यावे लागते. त्याच नियमानुसार चालकाने यंत्रणा बंद केली तरी गाडी पुन्हा सुरू करताना ती आपोआप चालू व्हावी लागते. पुष्कळ लोक याबद्दल कुरकुर करतात. मला हा नियम अत्यंत शहाणपणाचा वाटतो, कारण काल बंद केल्याचे आज कोणाच्याही लक्षात राहत नाही.

आणि बटण बंद केले म्हणजे सगळेच बंद झाले असे नसते. बऱ्याच गाड्यांत थोडक्यात दाबले तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जाते आणि काही सेकंद दाबून धरले तर स्थैर्य नियंत्रणही जाते. एबीएस दोन्ही वेळा राहते. दोन्हींच्या मध्ये ‘स्पोर्ट’ किंवा ‘ट्रॅक’ नावाची पायरी असते, जिथे यंत्रणा गाडीला थोडे घसरू देते आणि मगच हात घालते. फेरारीने २००४ च्या एफ४३० मध्ये स्टिअरिंगवरच यासाठी फिरते बटण दिले, बर्फापासून पूर्ण बंदपर्यंत पाच टप्पे असलेले. आपल्या गाडीत कोणती पायरी काय करते हे पुस्तिकेत वाचल्याशिवाय बटणाला हात लावू नये. एकाच शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीत निराळा असतो.

पाचवा गिअर

मी थोडे विरोधात बोलतो, आणि ते मनापासून बोलतो. यंत्रणा चालू ठेवून शिकलेला चालक गाडीची पकड कुठे संपते हे कधीच अनुभवत नाही. मी तीन वर्षे कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर सगळे चालू ठेवून फेऱ्या मारल्या आणि स्वतःला बऱ्यापैकी समजत होतो. एका दिवशी मार्गदर्शकाने यंत्रणा बंद करायला लावली आणि दुसऱ्याच वळणात मी गोल फिरलो. तीन वर्षे माझ्या चुका यंत्रणा झाकत होती. शिवाय ट्रॅकवर तिचा सतत हस्तक्षेप होत राहिला तर ब्रेक नाहक तापतात आणि पॅड झिजतात. स्टिअरिंग उलटे देऊन गाडी सावरताना मध्येच ताकद काढून घेतली जाते, तेव्हा तर लयच तुटते. पोर्शेचीच कॅरेरा जीटी घ्या : ६१२ अश्वशक्तीचे व्ही-१० इंजिन, ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस होते, पण स्थैर्य नियंत्रण नव्हते. ती चालवणाऱ्यांनी शिकूनच चालवली ना?

हिमवाट

मी अमेरिकेत मिशिगनला असते आणि माझी माझदा एमएक्स-५ ही लहान, उघड्या टपाची गाडी आहे. वजन सुमारे १,०६० किलो, ताकद १८१ अश्वशक्ती. पाचवा गिअर यांच्याशी मी अर्धी सहमत आहे, म्हणून माझा अनुभव लिहिते.

इथे सुटीच्या दिवशी रिकाम्या वाहनतळांवर रबरी शंकू मांडून, घड्याळ लावून, एका वेळी एकच गाडी सोडण्याच्या स्पर्धा होतात. वेग क्वचितच ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. मी पहिल्यांदा यंत्रणा बंद केली ती तिथे, आणि पहिल्याच सकाळी चार वेळा गिरकी घेतली. चार शंकू आडवे झाले. त्यापलीकडे काहीच झाले नाही. त्या एका सकाळी मला कळले की गाडी सुटण्याच्या आधी आसनाखाली एक हलकेपणा जाणवतो, आणि नजर जिथे असते तिथेच हात गाडीला नेतात. शंकूकडे पाहिले की शंकूवर जायचे. ही शिकवण यंत्रणा चालू असताना मला मिळाली नसती.

पण ती मिळाली कारण चूक करायला मोकळी जागा होती. त्याच गाडीत मी घरी जाताना यंत्रणा चालू करते, नेहमी. चार वेळा फिरल्यानंतर रस्त्यावरचे झाड, खांब आणि समोरून येणारी गाडी यांच्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

रस्त्यावर बंद करण्याचा एकच प्रसंग माझ्यावर येतो, तो हिवाळ्यात. ताज्या बर्फात गाडी रुतली की चाक जरा फिरताच ट्रॅक्शन कंट्रोल ताकद काढून घेते आणि गाडी जागची हलत नाही. तेव्हा ते बंद करून, पहिला गिअर आणि रिव्हर्स यांत गाडी हळूहळू झुलवत बाहेर काढायची आणि कठीण रस्त्यावर येताच पुन्हा चालू करायचे. तुमच्याकडे चिखलात किंवा वाळूत रुतलेल्या गाडीलाही हेच लागू पडेल.

नेकारकाठ (धागाकर्ता)

हिमवाट यांनी ‘चूक करायला मोकळी जागा’ असे लिहिले, ते मी मूळ लेखात लिहायला हवे होते. चालक किती निष्णात आहे यापेक्षा गाडी रस्ता सोडून गेली तर पुढे काय आहे, यावर हा निर्णय ठरायला हवा.

पाचवा गिअर, तुम्ही सांगितलेला अनुभव मला पूर्ण पटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मी वेगळा काढतो. त्या तीन वर्षांत दिवा लुकलुकत असणार. तो कोणी वहीत लिहिला नाही, इतकेच. यंत्रणा चुका झाकते हे खरे, पण झाकताना प्रत्येक वेळी दिवा लावून सांगतेही. आणि ब्रेक तापत असतील तर ती तक्रार यंत्रणेची कशी? प्रत्येक वळणात तिला हात घालावा लागतो आहे, म्हणजे प्रत्येक वळणात आपण काहीतरी चुकीचे करतो आहोत. जिथे ती खरोखरच अति सावध असते तिथे मधली पायरी वापरावी. कॅरेरा जीटीविषयी एवढेच म्हणेन की तिच्यानंतर त्याच कंपनीने ९१८ स्पायडर काढली, तेव्हा तिच्यात पीएसएम दिले. तोवर अनुभव गाठीशी होता.

मी स्वतः आता यंत्रणा कुठे बंद करतो तेही सांगतो. हॉकेनहाइमच्या शर्यतमार्गावर, कोरड्या दिवशी, जिथे वळणाच्या बाहेर डांबराचे रुंद पटांगण आहे अशा भागात, टायर गरम झाल्यावर, आणि सकाळच्या फेऱ्यांत दिवा लागला नसेल तरच. नॉर्डश्लाइफवर मी ती कधीही बंद करत नाही. २०.८ किलोमीटरच्या त्या फेरीत एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असू शकतो, लोखंडी कठडे डांबराला जवळजवळ चिकटून आहेत, आणि पुढे एखाद्या मोटारसायकलने तेल सांडले आहे की नाही हे वळण पार केल्यावरच कळते. खुल्या वेळेत तो कायद्याने टोल भरून वापरायचा एकदिशा रस्ता असतो आणि वाहतुकीचे नियम तिथेही लागू असतात. कठडा मोडला तर त्याची भरपाईही चालकाकडूनच घेतली जाते.

माझ्या पिढीच्या गाड्यांत आणखी एक बारकावा आहे. पीएसएम बंद असतानाही ब्रेक इतक्या जोरात दाबला की पुढच्या चाकांवर एबीएस जागे व्हावे, तर स्थैर्य नियंत्रण तेवढ्यापुरते परत येते. त्यावर विसंबून राहणे मात्र धोक्याचे आहे, कारण गाडी मागून सुटल्यावर घाबरून पाय उचलणाऱ्याला ती मदत मिळत नाही, आणि बहुतेक जण पहिल्यांदा पायच उचलतात.

देशघाट, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर : लोणावळ्याच्या घाटात, पहाटे असो वा दुपारी, बंद करू नका. पहिल्या पावसात तर मुळीच नको. महिनोन्‌महिने साचलेली धूळ, तेल आणि टायरची झीज पाण्याबरोबर वर येते आणि काही तास रस्ता साबण लावल्यासारखा होतो. घाटात एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. तिथे मोकळी जागा कुठे आहे?

मोजपट्टी

यंत्रणा चालू ठेवा, या सल्ल्याला मी एक जोड देतो. यंत्रणा पकड निर्माण करत नाही. टायर आणि रस्ता यांच्यात जी पकड आहे ती चार चाकांत नीट वाटते. साचलेल्या पाण्यावर चारही चाके तरंगू लागली, तर ज्या चाकाला ब्रेक लावायचा ते चाकच रस्त्याला टेकलेले नसते. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात, आणि स्पोर्ट्स कारला रुंदच टायर असतात. झिजेची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर खोलीची आहे, पण पावसात त्याच्या कितीतरी आधी फरक जाणवतो.

देशघाट, तुम्ही लिहिले की गाडी आठ-नऊ वर्षांची आणि १४,००० किलोमीटर चाललेली. मला बटणापेक्षा याचीच अधिक काळजी वाटते. टायर मूळचेच असतील तर खाचा भरपूर खोल दिसतील, पण रबर कडक झालेले असेल. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ते पाहा आणि इथे लिहा. पुढचे एका वयाचे आणि मागचे दुसऱ्या वयाचे असतील तर तेही सांगा; मागचे जुने असणे हे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत सर्वांत वाईट.

पाचवा गिअर

वहीची कल्पना मला आवडली, हे मान्य करतो. पुढच्या वेळी मी सकाळच्या फेऱ्या यंत्रणा चालू ठेवून मारेन आणि दिवा कुठे लागतो ते लिहून ठेवेन. बंद करून शिकण्याचा माझा आग्रह मात्र कायम आहे. तो बंदिस्त ट्रॅकपुरता आणि सोबत मार्गदर्शक असेल तेव्हापुरता होता, हे आधीच स्पष्ट करायला हवे होते. घाटात बंद करा असे मी कोणालाही सांगणार नाही.

देशघाट

सर्वांचे आभार. आज सकाळी टॉर्च घेऊन चारही टायर पाहिले. पुढच्या दोन्हींवर ४१२१ आहे आणि मागच्या दोन्हींवर २३१६. म्हणजे मागचे २०१६ सालच्या २३ व्या आठवड्यातले, बहुधा गाडीबरोबर आलेलेच. नखाने दाबून पाहिले तर रबर दगडासारखे लागते आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसतात. खाचा मात्र खरोखरच खोल आहेत, त्यामुळे विकत घेताना मला काहीच शंका आली नव्हती. चारही नवे टायर आज मागवले. ते येईपर्यंत गाडी तळघरातल्या वाहनतळातच राहील, आणि लोणावळ्याचा बेत मित्रांना कळवून रद्द केला आहे. पुस्तिका सोबत आलेली नव्हती. ती कंपनीच्या संकेतस्थळावर मिळाली असून तिच्यातले ट्रॅक्शन कंट्रोलचे प्रकरण आज रात्री वाचायला घेतो आहे.